शातो मार्गो: समोरचे घर आणि मागचे कोठार

मागील अंकात फ्रान्सच्या ग्रामीण वास्तूंवरील लेखासोबत आम्ही बोर्दो शहराजवळच्या शातो मार्गो या द्राक्षमळ्यावरील वाड्याचे छायाचित्र छापले होते. दुतर्फा झाडे असलेली सरळ वाट आणि तिच्या टोकाला चार उंच स्तंभांची, फिकट पिवळसर दगडाची इमारत असे ते छायाचित्र होते. त्या एका चित्रावर वाचकांची इतकी पत्रे आली की या वेळचे संपूर्ण सदर त्यांच्या उत्तरांसाठी राखून ठेवले आहे. एकसारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांचा प्रश्न एकदाच दिला आहे.

प्रश्न: शब्दकोशात ‘शातो’ या शब्दाचा अर्थ गढी किंवा राजवाडा असा सापडतो. मग द्राक्षाच्या मळ्याला आणि तेथे तयार होणाऱ्या वाइनला शातो का म्हणतात? मार्गो येथे पूर्वी खरोखरच एखादी गढी होती काय?

शब्दकोशाचे काही चुकलेले नाही. शातो म्हणजे मुळात सरदाराचा तटबंदीचा वाडा, आणि ल्वार नदीच्या खोऱ्यात फिरणाऱ्या प्रवाशाला हा शब्द आजही त्याच अर्थाने भेटतो. बोर्दो शहराच्या आसपास मात्र त्याने वेगळेच वळण घेतले. तेथे शातो म्हणजे एका मालकीची जमीन, तिच्यावरील द्राक्षवेली, वाइन मुरवण्याच्या इमारती आणि त्या साऱ्यांतून बाहेर पडणारी बाटली. पॅरिसच्या १८५५ सालच्या जागतिक प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी शहराच्या उत्तरेकडील मेदोक भागातील (मार्गो याच भागात आहे) लाल वाइनची, बाजारात मिळणाऱ्या भावाच्या आधारे, पाच श्रेणींत क्रमवारी लावली. त्या मूळ यादीत ज्यांच्या नावामागे ‘शातो’ हा शब्द आहे असे मळे फारच थोडे आढळतात. पुढच्या काही दशकांत या शब्दाची प्रतिष्ठा लक्षात आल्यावर जवळजवळ प्रत्येकाने तो आपल्या नावाआधी लावून घेतला, आणि आज साध्या बैठ्या शेतघराचा मळाही स्वतःला शातो म्हणवतो. घर किती भव्य आहे याच्याशी फ्रेंच कायद्याला कर्तव्य नाही. शातोच्या नावाने विकली जाणारी वाइन त्याच मळ्याच्या द्राक्षांपासून तयार झालेली असावी, एवढाच त्याचा आग्रह असतो.

मार्गो हा त्या यादीतील शातो शब्दाच्या मोजक्या मूळ मानकऱ्यांपैकी एक आहे. बोर्दोच्या उत्तरेस जिरोंद नदीमुखाच्या डाव्या तीरावर असलेल्या या जागेचा उल्लेख बाराव्या शतकापासून ‘ला मोत द मार्गो’ या नावाने मिळतो. ‘मोत’ म्हणजे उंचवटा. या सखल प्रदेशात जमिनीचा थोडासा चढही नाव पडण्याजोगा ठरतो, आणि पुढे त्याच उंचवट्याच्या खडीवर वेली लागल्या, म्हणून हा तपशील विसरू नये. सोळाव्या शतकात ही मालमत्ता लेस्तोनाक घराण्याकडे आली. १५७२ ते १५८२ या दहा वर्षांत पिएर द लेस्तोनाक याने धान्याखालील जमीन हळूहळू द्राक्षांकडे वळवली. सतराव्या शतकाच्या अखेरीस या मालमत्तेचे क्षेत्र सुमारे २६५ हेक्टर होते आणि त्याचा जवळपास एकतृतीयांश भाग वेलींखाली होता. हे आकडे आजच्या आकड्यांपासून फारसे दूर नाहीत. वारसाहक्क, क्रांती, दिवाळखोरी आणि विक्री अशा अनेक संकटांतून गेलेली शेतजमीन तीनशे वर्षे जवळपास अखंड राहावी, ही गोष्ट मला तेथील स्तंभांपेक्षाही अधिक अचंब्याची वाटते.

याचा अर्थ असा, की मार्गोची वाइन आजच्या वाड्यापेक्षा बरीच जुनी आहे. १७०५ साली लंडनच्या राजपत्रात ‘मार्गोज’च्या २३० पिंपांच्या लिलावाची जाहिरात आली होती. अठराव्या शतकाच्या आरंभी येथील कारभारी बेर्लों याने लाल आणि पांढऱ्या द्राक्षांचा रस वेगवेगळा आंबवण्यास सुरुवात केली, कारण त्या काळी दोन्ही जातींच्या वेली एकाच वाफ्यात मिसळून लावलेल्या असत. पहाटेच्या दवाने ओली झालेली द्राक्षे खुडू नयेत, पाण्याने रस पातळ होतो, असा त्याचा दंडक होता. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले थॉमस जेफरसन १७८७ साली बोर्दोला आले, तेव्हा त्यांनी पहिल्या प्रतीच्या चार मळ्यांत मार्गोची गणना केली. त्या वेळी छायाचित्रातील इमारतीचा एकही दगड बसलेला नव्हता.

प्रश्न: ही इमारत ग्रीक देवळासारखी का दिसते? ती कोणी आणि केव्हा बांधली? काही ठिकाणी तिला ‘मेदोकचे व्हर्साय’ म्हटलेले वाचले. ही तुलना योग्य आहे का? (वास्तुशास्त्राच्या एका विद्यार्थिनीचे पत्र)

फ्रेंच राज्यक्रांतीत मार्गोच्या मालकाला गिलोटिनवर जावे लागले आणि मालमत्ता विस्कटली. १८०२च्या सुमारास बेर्त्रां दुआ, अर्थात मार्की द ला कोलोनिला, याने ती विकत घेतली. त्याला वाइनपेक्षा आपल्या इतमामाला साजेसे घर हवे होते. त्याने जुना वाडा पाडून टाकला आणि नव्या घराचे काम लुई कोंब या वास्तुविशारदाकडे सोपवले. १८१० नंतर काम सुरू झाले आणि १८१५च्या सुमारास इमारत उभी राहिली. याच काळात नेपोलियनची युद्धे चालू होती आणि इंग्लंडशी व्यापार बंद असल्यामुळे बोर्दोचे बंदर थंडावले होते. मेदोकच्या वाइनचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक इंग्लंड, आणि तोच तुटलेला. अशा दिवसांत एवढे बांधकाम काढणे ही साधी गोष्ट नव्हती. ते पूर्ण होत असतानाच, १८१६ मध्ये कोलोनिला मरण पावला आणि पुढे दोनच वर्षांनी कोंबही गेला. ज्याने घर मागितले आणि ज्याने ते आखले, त्या दोघांच्याही वाट्याला ते फार दिवस आले नाही.

कोंबचा जन्म १७५७ सालचा, बोर्दोजवळच्या पोदांसाक गावातला. रोमला जाण्याचा मानाचा पुरस्कार मिळवून तो इटलीत राहून आला होता आणि परतल्यावर बोर्दोत त्याने नाव कमावले. ते शहर तेव्हा स्तंभांच्या प्रेमात होते. विक्टोर लुई याने बांधलेले, बारा कोरिंथियन स्तंभांच्या ओळीचे भव्य नाट्यगृह १७८०मध्येच उघडले होते. कोंब मात्र कोरिंथियन पानाफुलांच्या नक्षीकडे न जाता आयोनिक स्तंभाकडे वळला. या स्तंभाच्या माथ्यावर दोन्ही बाजूंना कागदाची गुंडाळी सोडल्यासारखी वेटोळी असतात आणि बाकी खांब सडपातळ व सरळ असतो. मार्गोच्या दर्शनी भागात असे चार स्तंभ, त्यांच्यावर आडवी दगडी पट्टी आणि तिच्यावर त्रिकोणी शिरोभाग अशी रचना आहे. घर उंच जोत्यावर आहे, त्यामुळे रुंद पायऱ्या चढूनच स्तंभांच्या सावलीत शिरता येते. भिंतींवर अलंकरण जवळजवळ नाही. खिडक्यांच्या चौकटीही साध्याच आहेत. सगळा भार प्रमाणांवर टाकलेला आहे, आणि प्रमाणे चुकली असती तर झाकायला नक्षी नव्हती.

आता देवळाच्या प्रश्नाकडे येऊ. शेतजमिनीच्या मधोमध असलेल्या घराला देवळाचा दर्शनी भाग लावण्याची कल्पना कोंबची नाही. ती सोळाव्या शतकातील इटालियन वास्तुविशारद आंद्रेआ पालादिओ याच्याकडे जाते. व्हेनिसच्या धनिकांसाठी त्याने ग्रामीण भागात जी घरे बांधली, त्यांपैकी अनेकांच्या मधल्या भागाला स्तंभ आणि त्रिकोणी शिरोभाग आहे, तर दोन्ही बाजूंना धान्याची कोठारे, गोठे आणि अवजारांच्या पडव्या त्याच रेषेत जोडलेल्या आहेत. फान्झोलो येथील व्हिला एमो हे त्याचे नमुनेदार उदाहरण. मालकाचे घर आणि शेतीचे घर ही एकाच रचनेची अंगे आहेत, हे पालादिओने दगडात मांडले, आणि मार्गो समजून घेण्यासाठी मला हीच किल्ली सर्वांत उपयोगी वाटते.

कारण कोंबने केवळ वाडा आखला नाही. वाइन आंबवण्याची आणि मुरवण्याची कोठारे, कारागिरांची व मजुरांची घरे, तबेले, अंगणे हे सारे त्याने एकाच आराखड्यात बसवले. छायाचित्रात ते दिसत नाही, कारण छायाचित्रकार नेहमी वाटेच्या मधोमध उभा राहतो आणि तेथून फक्त घर दिसावे अशीच योजना आहे. पण आपण थोडे बाजूला सरलात, तर कौलारू छपरांच्या ठेंगण्या इमारती अंगणांभोवती एखाद्या छोट्या गावासारख्या मांडलेल्या दिसतात. त्यांच्या दगडाचा रंग वाड्याच्याच दगडाचा आहे, प्रमाणांत तीच शिस्त आहे, फक्त आवाज खाली आणलेला आहे.

म्हणूनच व्हर्सायची तुलना मला पटत नाही. ती बहुधा त्या लांब, सरळ वाटेवरून सुचली असावी. व्हर्सायचा राजवाडा आडवा पसरत जाऊन पाहणाऱ्याला गिळून टाकतो, आणि त्यामागे राज्याचा खजिना होता. मार्गोचे घर आटोपशीर आहे, जवळ गेल्यावर तर ते अपेक्षेपेक्षा लहानच वाटते. त्याची भव्यता वाट, पायऱ्या आणि स्तंभ या तीन गोष्टींच्या क्रमातून उभी राहते. टोपणनाव द्यायचेच असेल, तर व्हेनिसच्या परिसरातील एखाद्या शेतवाड्याचे द्यावे. फ्रेंच सरकारने १९४६मध्ये या वास्तूला ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा दिला.

प्रश्न: वाइन जमिनीखालच्या तळघरात मुरवतात असे ऐकले आहे. मग येथे जमिनीवर एवढी कोठारे कशासाठी? त्यांच्या बांधणीचा वाइनवर खरोखर परिणाम होतो, की ती केवळ परंपरा आहे?

पत्रांतील हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटला, कारण शातोची खरी वास्तुकला येथूनच सुरू होते.

फ्रान्सच्या शांपान्य प्रांतात खडूसारख्या मऊ खडकात खोल तळघरे खोदलेली आहेत. बोर्दोजवळच्या सां-तेमिलियों येथे चुनखडीच्या जुन्या खाणीच तळघरांसारख्या वापरल्या जातात. मेदोकची जमीन तशी नाही. गारोन नदीने हजारो वर्षे वाहून आणलेली खडी येथे ठिकठिकाणी बुटक्या टेकाडांच्या रूपात साचली आहे, आणि दोन टेकाडांमध्ये पाणथळ सखल भाग आहे. त्यातील पुष्कळसा भाग सतराव्या शतकात डच अभियंत्यांनी चर खणून कोरडा केला. खडीतून पाणी भराभर खाली जाते, वेलीची मुळे पाण्याच्या शोधात खोल उतरतात आणि उन्हात तापलेली खडी संध्याकाळनंतरही ऊब देत राहते. वेलीला हे मानवते. परंतु भूजल फार खोल नसल्यामुळे ज्या जमिनीत उत्तम द्राक्षे येतात तिच्यात तळघर खणणे अवघड होते. म्हणून मेदोककरांनी तळघराचे गुण जमिनीवरच्या इमारतीत आणण्याचा मार्ग काढला. या इमारतीला तेथे ‘शे’ म्हणतात.

शेच्या भिंती जाड दगडाच्या, खिडक्या थोड्या आणि लहान, छप्पर उतरते व कौलारू, आणि जमीन बहुतेक वेळा बाहेरच्या पातळीपेक्षा किंचित खाली असते. आत उजेड कमी, हवा दमट आणि तापमान वर्षभर शक्य तितके सारखे ठेवायचे असते. हवा कोरडी पडली, तर ओकच्या लाकडातून वाइन झपाट्याने उडून जाते आणि पिंपात पोकळी होते. हवा फार दमट झाली, तर बुरशी माजते. उन्हाळ्यात आत उष्णता शिरली, तर मुरण्याची गती बिघडते. यंत्राने हवा थंड करण्याची सोय येण्याआधी या तिन्ही गोष्टी सांभाळण्याचे काम भिंतीची जाडी, खिडकीची दिशा आणि छपराखालची पोकळी यांच्याकडेच होते. तेव्हा वाचकांच्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे, की होय, परिणाम होतो.

मार्गोच्या मोठ्या शेमध्ये शिरल्यावर पहिल्यांदा जाणवतात ते स्तंभ. पांढरे, गोल, गुळगुळीत स्तंभ ओळीने दूरवर गेलेले आहेत, त्यांच्यावर लाकडी छताचा भार आहे, आणि खाली पिंपांच्या रांगा. बाहेर वाड्याला जो मान दिला, तोच कोंबने येथे कोठारालाही दिला आहे. पाहुण्यांना दाखवण्यासाठी कोठार सजवण्याची चाल पुढे आली. १८१५मध्ये पिंपांच्या खोलीला स्तंभ देणे हा कामाचा सन्मान होता, असे मी मानतो.

थोडे जवळ जाऊन एक पिंप पाहू. बोर्दोचे पिंप २२५ लिटरचे असते, म्हणजे त्यातून साधारण ३०० बाटल्या निघतात. पहिल्या वर्षी त्याचे तोंड वर ठेवून त्यावर काचेचे सैल बूच ठेवतात, कारण वाइन लाकडात शोषली जाते, उडून जाते आणि पिंप वरचेवर भरावे लागते. भरताना थोडी वाइन ओघळतेच. ते डाग कुरूप दिसू नयेत म्हणून पिंपाच्या मधल्या पट्ट्याला तळाशी बसलेल्या वाइनच्या गाळानेच जांभळट लाल रंग देतात. दूरून ती शोभा वाटते, पण प्रत्यक्षात ती स्वच्छतेची युक्ती आहे. साधारण दर तीन महिन्यांनी वाइन एका पिंपातून दुसऱ्या पिंपात काढतात, म्हणजे गाळ मागे राहतो. त्या वेळी कोठाराचा कामगार काचेच्या पेल्यात धार धरून ती मेणबत्तीच्या ज्योतीपुढे पाहतो. धारेत पहिला धूसर धागा दिसला, की तो हात वर करतो आणि प्रवाह थांबतो. ही खूण भर उजेडात दिसली नसती. अंधाऱ्या इमारतीचा हाही एक उपयोग आहे. पुढे पिंपात अंड्याचे पांढरे घालतात. ते वाइनमधील तरंगणारे सूक्ष्म कण धरून तळाशी नेते. दुसऱ्या वर्षी पिंपे दुसऱ्या शेमध्ये जातात आणि त्यांची तोंडे घट्ट बंद करून ती किंचित कलती ठेवली जातात. एकूण मुक्काम दीड ते दोन वर्षांचा असतो. मार्गोमध्ये आजही पिंपे बांधणारा कारागीर मळ्याच्या आवारातच काम करतो आणि लागणाऱ्या पिंपांपैकी काही तेथेच तयार होतात.

व्यापाराची रीत बदलली की या इमारतीही बदलतात, हे सांगितल्याशिवाय उत्तर पुरे होणार नाही. पूर्वी वाइन पिंपांतूनच बोर्दोच्या व्यापाऱ्यांकडे जाई आणि बाटल्या ते भरत. १९२४ साली शेजारच्या पोयाक गावातील शातो मुतोंचा कारभार पाहणारे फिलिप द रोथ्शिल्ड यांनी सगळी वाइन मळ्यावरच बाटलीबंद करण्याचा आग्रह धरला आणि मोठ्या शातोंनी त्यांना साथ दिली. त्यामुळे जी पिंपे आधी व्यापाऱ्याच्या गोदामात मुरत, ती आता मळ्यावरच ठेवायची वेळ आली. मुतोंने १९२६मध्ये वास्तुविशारद शार्ल सिक्लिस यांच्याकडून शंभर मीटर लांबीची शे बांधून घेतली, ती या गरजेतूनच. मार्गोला जागेचा हा प्रश्न पुढे १९८२मध्ये सोडवता आला, आणि तोही भूमिगत शे बांधून. मेदोकमध्ये एवढ्या आकाराचे तळघर त्याआधी कोणी बांधले नव्हते. भूजलाच्या धास्तीने जे दोन शतके टाळले, ते आधुनिक जलरोधनाने शक्य झाले, आणि वर कोंबचे अंगण जसेच्या तसे राहिले.

प्रश्न: मेदोकमध्ये भारतीय धाटणीचे मनोरे असलेला एक शातो आहे असे कळले. हे खरे आहे का? तोही मार्गोसारखाच वाडा आहे काय?

खरे आहे, पण तो वाडा नाही. सां-तेस्तेफ येथील कोस देस्तुर्नेल या मळ्यावर घंटेच्या आकाराच्या कळसांचे, पूर्वेकडील देवळांची आठवण करून देणारे मनोरे उभे आहेत आणि त्याचा कोरीव लाकडी दरवाजा झांझिबारच्या सुलतानाच्या राजवाड्यातून आणलेला आहे. मालक लुई-गास्पार देस्तुर्नेल याचा वाइनचा व्यापार भारतापर्यंत होता. जहाजातून जाऊन न विकता परत आलेली पिंपे प्रवासात अधिक चांगली मुरतात, असे लक्षात आल्यावर तो त्यांवर ‘भारतातून परतलेली’ अशी खूण करी. लोक त्याला सां-तेस्तेफचा महाराजा म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात त्याने ही इमारत उभारली. मात्र तिच्यात राहण्याची एकही खोली नाही. तो सगळा डौल पिंपांसाठी आहे. कर्जापायी १८५२मध्ये त्याला मळा विकावा लागला आणि पुढच्याच वर्षी तो वारला.

ते मनोरे शुद्ध भारतीय आहेत असे म्हणता येणार नाही. त्यांत चीन, अरबस्तान आणि भारत यांचे युरोपीय मनाने केलेले मिश्रण आहे. तरीही मला ही इमारत मार्गोची सख्खी भावंड वाटते. कोंबने कोठाराला घराच्या बरोबरीचा मान दिला, तर देस्तुर्नेलने घरच गाळून सारा मान कोठाराला दिला. त्या मानाने पोयाकचा पिशों-बारों किंवा मार्गोशेजारचा पाल्मेर हे १८५०च्या दशकातील शातो पाहावेत. निमुळत्या टोप्यांचे बुरूज, उतरती पाटीच्या दगडाची छपरे आणि परीकथेतील गढीचा थाट! ते सुंदर आहेत, पण त्यांचे सौंदर्य मागच्या कोठारांपर्यंत पोहोचत नाही.

प्रश्न: अशा स्मारकाच्या आवारात नॉर्मन फॉस्टर यांच्यासारख्या आधुनिक वास्तुविशारदाला बांधकाम करू देणे योग्य होते काय? काच आणि पोलादाने कोंबच्या रचनेचा तोल बिघडत नाही का?

हा आक्षेप गंभीर आहे आणि तो घेणाऱ्या वाचकांच्या मनातली काळजी मला समजते. आधी पार्श्वभूमी सांगतो. १९७०च्या दशकाच्या मध्यात बोर्दोचा बाजार कोसळला आणि तेव्हाच्या मालकांना मार्गो विकणे भाग पडले. एका अमेरिकन कंपनीने तो घेऊ पाहिला, पण फ्रेंच सरकारने त्या व्यवहाराला संमती दिली नाही. १९७७मध्ये मूळचे ग्रीक असलेले उद्योजक आंद्रे मेंझेलोपुलोस यांनी तो विकत घेतला, एमील पेनो या नामांकित वाइनतज्ज्ञाला सल्ल्यासाठी बोलावले, जमिनीचा निचरा सुधारला, वेली नव्याने लावल्या आणि वाड्याची डागडुजी केली. १९८०मध्ये ते अकाली गेले आणि कारभार त्यांच्या कन्या कोरीन यांच्याकडे आला. ग्रीक स्तंभांचा वाडा एका ग्रीक माणसाने सावरावा, हा योग मला फार हृद्य वाटतो.

कोरीन मेंझेलोपुलोस आणि १९८३मध्ये मळ्यावर रुजू होऊन पुढे त्याचे संचालक झालेले पॉल पोंतालिए यांना मळ्याच्या लहान लहान तुकड्यांची द्राक्षे वेगवेगळी आंबवायची होती. त्यासाठी मोठ्या लाकडी टाक्यांबरोबर छोट्या टाक्यांचीही गरज होती आणि जुन्या इमारतींत तेवढी जागा नव्हती. म्हणजे नवी इमारत दिखाव्यापोटी आली नाही, शेतीच्या गरजेतून आली. फॉस्टर यांची ही वास्तू २०१५मध्ये खुली झाली. कोंबनंतर दोनशे वर्षांनी येथे जमिनीवर उभे राहिलेले हे पहिले महत्त्वाचे बांधकाम आहे. पुढच्याच वर्षी पोंतालिए यांचे निधन झाले.

तोल बिघडला असे मला वाटत नाही, आणि त्याचे कारण छपरात आहे. फॉस्टर यांनी मातीच्या कौलांचे, दोन्ही बाजूंना उतरते छप्पर घेतले आणि त्याची उंची शेजारच्या जुन्या छपरांच्या हिशेबात ठेवली. दूरून पाहणाऱ्याला त्या छोट्या गावात आणखी एक पडवी वाढली, एवढेच जाणवते. आत गेल्यावर मात्र पोलादी खांब झाडाच्या फांद्यांसारखे वर फाकत जाऊन छप्पर तोलतात, त्यामुळे खालची जमीन टाक्यांसाठी मोकळी राहते. समोरच्या वाटेवरील झाडांचा हा दूरचा प्रतिध्वनी आहे. जुन्या बाटल्यांच्या संग्रहासाठीची जागा त्यांनी जमिनीखाली नेली. याच वास्तुविशारदाने १९९३मध्ये नीम शहरात ‘मेझों कारे’ या सुस्थितीतील रोमन मंदिरासमोर काच आणि पोलादाची सडपातळ इमारत उभी करून दाखवली होती, तेव्हा स्तंभांच्या शेजारी कसे उभे राहावे, हे त्यांना माहीत होते.

माझी एक तक्रार आहे, ती येथे नोंदवतो. नव्या इमारतीचा काचेचा भाग रात्री दिवे लागल्यावर उजळून निघतो, आणि काळोख हा ज्या जागेचा स्वभाव आहे तेथे एवढा उजेड मला खटकतो.

प्रश्न: बाटलीवरील चित्र याच इमारतीचे आहे का? आणि फ्रान्सला गेल्यास ती पाहता येते का?

होय, चित्र याच वाड्याचे आहे, वाटेवरून समोरासमोर पाहिलेले. त्याखाली पहिल्या श्रेणीचा उल्लेख असतो. १८५५मध्ये मार्गो, लाफित, लातूर आणि ओ-ब्रियों या चौघांना ती श्रेणी मिळाली, आणि १९७३मध्ये मुतोंची भर पडून पाच झाले. मळ्याच्या दुसऱ्या लाल वाइनचे नाव ‘पाव्हियों रूज’ आणि पांढऱ्या वाइनचे ‘पाव्हियों ब्लां’ असे आहे. यांतील पांढरी वाइन सोव्हिन्यों ब्लां या जातीच्या द्राक्षांची, तर लाल वाइनमध्ये काबेर्ने सोव्हिन्यों ही जात प्रमुख असते.

बोर्दोहून उत्तरेकडे जाणारा ‘डी-२’ हा रस्ता शातोंचा मार्ग म्हणूनच ओळखला जातो आणि मार्गो त्याला लागूनच आहे. वाडा खासगी असल्यामुळे आत जाण्यासाठी आधी लेखी परवानगी घ्यावी लागते, आणि द्राक्षे खुडण्याच्या दिवसांत ती मिळण्याची आशा धरू नये. परवानगी नसली तरी फाटकाबाहेरून प्लेन वृक्षांची वाट आणि तिच्या टोकाचे स्तंभ पाहता येतात. परवानगी मिळाली, तर माझी आपणास एक विनंती आहे. वाड्याचे छायाचित्र घेऊन झाल्यावर लगेच मागे वळू नये. बाजूच्या अंगणात जावे, पिंपे बांधणाऱ्या कारागिराच्या कार्यशाळेतून ओकच्या फळ्या शेकल्याचा भाजक्या पावासारखा वास येतो का पाहावे, आणि कोठाराच्या भिंतीला हात लावून बाहेरचा दगड किती तापला आहे व आतला किती गार आहे, ते स्वतः अनुभवावे.